जवळ्याचे डोळे

"ईऽऽ मामा, हे लोक मुंग्यांची चटणी खातायत!"

भर मासळी बाजारात भाची ओरडली. ठाण्यात, रविवारी सकाळी. मोबाइलवर कुठलं तरी रील चालू होतं आणि मी सुका जवळा (कोलंबीचाच अगदी बारीक भाऊबंद) मापून घेत होतो.

कोळीण मावशींनी माप तसंच हातात धरलं. चिमूटभर जवळा तिच्या तळहातावर ठेवला न्‌ म्हणाल्या, "मंग यो काय झाराला लागतंय? डोले बघ त्याचे."

बघितले. खसखशीएवढे काळे ठिपके, प्रत्येकाला दोन. इतकी वर्षं खातोय, पण खरं सांगतो, एकदाही नीट बघितले नव्हते.

ते रील ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीचं होतं. झाडाची पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या आलं, लसूण, मिरची, मीठ घालून वाटायच्या. मुंगीतच आंबटपणा असतो. जानेवारी २०२४ मध्ये तिला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आहे तेच. तिकडे मेक्सिकोत ओआहाकाला नाकतोडे भाजून, लिंबू-मीठ लावून चकण्यासारखे खातात.

नाकतोड्याची आणि कोलंबीची ठेवण तशी एकच: वर कवच, सांध्यांचे पाय, मिशा. कोलंबी पाण्यात राहते म्हणून आपल्याला चालते. (मुंगी मात्र मला अजूनही जमणार नाही. वाद घालू नका.)

दुपारी कांदा-कोकम घालून जवळा केला. भाचीने दोन भाकऱ्या खाल्ल्या, पण डोळे मिटून.

तुमच्या ताटातला कोणता पदार्थ बघून पाहुणे "ई" म्हणाले होते?