घड्याळ, व्हीडीएसओ आणि मुकाट बसलेला लिंकर : माझा अनुभव

हौस म्हणून एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर) साठी छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहितोय. वेळ विचारायला दरवेळी सिस्टीम कॉल (कर्नलमध्ये शिरून काम करून घेणं) नको, लिनक्ससारखा व्हीडीएसओ करू, असं ठरवलं. कर्नल घड्याळाचं एक डेटा पान आणि ते वाचणारा थोडासा कोड प्रत्येक प्रोसेसमध्ये मॅप करून ठेवतो आणि प्रोग्रॅमला कर्नलमध्ये न शिरताच वेळ मिळते. टीएससी (प्रोसेसरमधला टिकटिक मोजणारा काउंटर) वाचणं, गुणाकार, शिफ्ट, सीक्वेन्स काउंटर (डेटा बदलला जात असताना विषम राहणारा आकडा) विषम दिसला की पुन्हा फेरी मारणं, हे सगळं विनातक्रार झालं.

अडलं ते पत्त्यांपाशी. आजही आठवलं की चिडचिड होते.

पानाचा पत्ता कायमचा ठरवून टाकणं सगळ्यात सोपं. जुन्या लिनक्सचं व्हीसिस्कॉल पान तसंच होतं, प्रत्येक प्रोसेसमध्ये त्याच जागी. पण मग चालवता येण्याजोगा कोड कुठे आहे हे हल्लेखोरालाही आयतं कळतं. म्हणून मी जागा दरवेळी बदलती ठेवली. डेटा पान कोडच्या लगेच आधी मॅप केलं, लिंकरच्या (कोडचे तुकडे जोडून एक फाइल करणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्टमध्ये त्याला सिम्बॉल, म्हणजे नाव, दिलं. दोघांतलं अंतर कायम, त्यामुळे आरआयपी-सापेक्ष (आरआयपी म्हणजे चालू आज्ञेची जागा दाखवणारं रजिस्टर) पत्त्याने एका आज्ञेत डेटा हाताशी. यावर मी जाम खूश होतो.

तारीख बरोबर येत होती. मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ विचारलं की प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळायचा. डीबगरमध्ये आरआयपी बघितला तर शून्याजवळचा कुठलातरी चिमुकला आकडा. डेटा पान तपासलं, ठीक. पेज टेबल तपासलं, ठीक. स्टॅक अलाइनमेंटवर संशय घेऊन अख्खी संध्याकाळ घालवली, तोही निर्दोष निघाला. शेवटी चालू प्रोसेसमधला व्हीडीएसओ डम्प करून डिस्कवरच्या फाइलशी ताडून पाहिला. बाइट न् बाइट सारखा. आधी हायसं वाटलं, मग ट्यूब पेटली: गोम याच सारखेपणात होती!

घड्याळांचा सामायिक कोड मी तयार आणला होता. नेहमीच्या घड्याळाची वाट त्यात सरळ होती, बाकीच्यांसाठी क्रमांकावरून फंक्शन निवडणारं पॉइंटरांचं टेबल. पॉइंटर म्हणजे पूर्ण पत्ता, आणि तो लिंक करताना ठरूच शकत नाही. म्हणून लिंकरने 'लोड झाल्यावर इथे बेस पत्ता मिळवा' अशी रिलोकेशन नोंद करून ठेवली. साध्या शेअर्ड लायब्ररीत ते काम लोडर (लायब्ररी मेमरीत बसवणारा प्रोग्रॅम) करतो. व्हीडीएसओच्या वाट्याला तसा कोणी येत नाही. येऊनही उपयोग नाही, कारण तीच पानं सगळ्या प्रोसेसमध्ये फक्त-वाचनीय म्हणून वाटलेली असतात आणि प्रत्येकीत बेस वेगळा. म्हणजे टेबलात पडून होते ते निव्वळ लिंकवेळचे ऑफसेट, आणि माझा कोड त्यांच्यावर उडी मारत होता.

आणि लिंकर? एक वॉर्निंग नाही. त्याच्या लेखी ही नेहमीचीच लायब्ररी. नियमाने बघायला गेलं तर त्याचं बरोबर आहे, पण माझा राग काही जात नाही.

टेबल काढून त्या जागी साध्या इफ-अटी टाकल्या, लगेच चाललं. तुम्ही यात पडणार असाल तर बिल्डच्या शेवटी रीडएल्फने (बायनरी फाइलच्या आतल्या नोंदी दाखवणारं साधन) रिलोकेशन छापा आणि एकही सापडली तर बिल्ड तिथेच पाडा. लिनक्सच्या बिल्डमध्ये अशी तपासणी आधीपासून आहे, हे मला सगळं निस्तरल्यावर समजलं.

डेटा पानाच्या सिम्बॉलची व्हिजिबिलिटी हिडन (फाइलीबाहेर न दिसणारी) ठेवायला विसरू नका, हे खरं तर वरच सांगायला हवं होतं. नाहीतर कंपायलर जीओटीमार्गे (लोडरने भरायच्या पत्त्यांचं टेबल) जातो आणि जीओटीतला पत्ता भरायलाही कोणी नसतं. व्हीडीएसओ कुठे बसलाय हे प्रोग्रॅमला ऑक्झिलरी व्हेक्टरच्या (प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल देतो ती माहितीची यादी) ३३ क्रमांकाच्या नोंदीतून कळतं. तो पत्ता कुठेही कायमचा लिहून ठेवू नका.

३२-बिट एक्स८६ करणार असाल तर तिथे आज्ञेपासूनच्या अंतराने डेटा वाचायची सोयच नाही. आधी कॉल करून स्टॅकवरून परतीचा पत्ता उचलायचा आणि त्यात अंतर मिळवायचं. मी तो भाग तूर्तास सोडून दिलाय.