कॉफीच्या गाडीचा परवाना: नऊ खेपांचा वृत्तांत

पहिल्या खेपेला गेले तेव्हा गाडी तयार होऊन दारात उभी होती. एस्प्रेसो मशीन बसवलेलं, पाटीवर नावही रंगवलेलं. खाद्यपरवान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "नकाशा कुठाय?" मी जागेचा नकाशा पुढे केला. त्यांना गाडीच्या आतला हवा होता. हात धुण्याचं बेसिन कुठे, भांड्यांचं सिंक कुठे, स्वच्छ पाण्याची टाकी किती लिटरची, सांडपाण्याची किती, फ्रिज कुठे, कचऱ्याचा डबा कुठे. माझ्या गाडीत सिंक एकच होतं आणि नकाशा तर नव्हताच.

तिथून बिनचूक परवाना हातात पडेपर्यंत एकूण नऊ खेपा झाल्या. त्यातल्या निम्म्या तरी टळल्या असत्या, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. कार्यालयांची नावं, फी, मुदती जागोजागी बदलतात. पण खिडकीपलीकडचा माणूस काय बघतो ते फारसं बदलत नाही, कारण पाणी, दूध, गॅस आणि वीज कुठेही सारखीच वागतात.

सगळ्यात जास्त अडले ते पाण्यावर. एका सिंकमध्ये काय बिघडतं हे मला खरंच कळत नव्हतं. निरीक्षक मॅडमनी समजावून सांगितलं. ज्या हातांनी पैसे घ्यायचे त्याच हातांनी दूध तापवायचं, म्हणजे हात दिवसातून शंभर वेळा धुवायला लागणार. सिंकमध्ये दुधाचे जग पडलेले असले की माणूस हात धुवायचं टाळतो. म्हणून हातांचं बेसिन वेगळं हवं आणि ते कायम रिकामं हवं, शेजारी साबण आणि पुसायला कागद. हे ऐकल्यावर वाद घालावासा वाटला नाही.

मग टाक्या. मी दोन्ही ४० लिटरच्या घेतल्या होत्या. जितकं पाणी आत तितकंच बाहेर, असा माझा हिशेब. पण उरलेली कॉफी, ओतून दिलेलं दूध, वितळलेला बर्फ, सगळं सांडपाण्यातच जातं. त्यामुळे सांडपाण्याची टाकी मोठी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना संहितेत ती १५ टक्क्यांनी मोठी हवी असं म्हटलं आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने ४६ लिटर. तुमच्याकडचा आकडा विचारून घ्या, पण दोन्ही टाक्या सारख्या मात्र घेऊ नका.

ती टाकी रिकामी कुठे करणार, हा प्रश्न दुसऱ्या खेपेला आला. पावसाच्या पाण्याच्या गटारात ओतून चालत नाही. ते पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होता थेट ओढ्या-नदीत जातं, आणि दूध कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मासे मरायला एवढं पुरतं. ज्या स्वयंपाकघराची मलवाहिनी वापरणार, तिथल्या मालकाचं लेखी पत्र लागतं. ते पत्र आणि सुधारलेला नकाशा घेऊन तिसऱ्या खेपेला गेले, तेव्हा कुठे अर्ज आत गेला.

आमच्या मिस्त्रींनी काउंटर कापून बेसिन बसवलं, मशीन वीतभर सरकवलं. "ताई, आधी कागद दाखवला असता तर पत्रा एकदाच कापला असता," एवढंच ते म्हणाले. खरं होतं. नकाशा साधा हाताने काढलेला चालतो, पण मापं लिहा. तो आधी खिडकीवर दाखवा, जमल्यास त्यावर शेरा घ्या आणि मगच गाडी बांधायला द्या.

जागेच्या परवानगीला दोन खेपा गेल्या. खाजगी आवारात उभं राहणार असाल तर मालकाचं संमतिपत्र लागतं. रस्त्यावर उभं राहायचं तर पायी चालणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीला किती वाट उरते ते मोजतात. रांग उभी राहिल्यावर किती उरते तेही विचारतात, म्हणून नकाशात रांगही दाखवा. गाडीऐवजी दुकान काढणाऱ्यांना कळकळीने सांगते: त्या जागेत खाद्यव्यवसायाला मुभा आहे का, हे भाडेकरारावर सही करण्याआधी तपासा. आधी तिथे कापडाचं दुकान असेल तर वापर बदलण्याची वेगळी मंजुरी लागू शकते, आणि तेवढे महिने भाडं मात्र चालूच राहतं. परवाना न मिळाल्यास करार रद्द होईल, असं कलम घालून घ्या.

सहाव्या खेपेला गाडी ओढत अग्निशमन कार्यालयात नेली. अधिकाऱ्यांनी वरचं काही पाहिलं नाही. ते सरळ गुडघ्यावर बसले आणि सिलिंडरच्या कप्प्याचा तळ तपासू लागले. आम्ही हवेची भोकं वर पाडली होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साठतो आणि ठिणगीची वाट बघतो. भोकं तळाशी हवीत, ती बाहेर उघडणारी हवीत, आणि कप्पा गाडीच्या आतल्या बाजूने बंद हवा. सातव्या खेपेला ते पास झालं. जनरेटर वापरणार असाल तर तो गाडीबाहेर, खिडकीपासून दूर ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

विजेचा हिशेबही त्याच नकाशावर लिहा. दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी काढायची दोन तोंडं असलेलं मशीन तीन-चार किलोवॉट सहज ओढतं, त्यात ग्राइंडर आणि फ्रिज. मशीनमधला बॉयलर दाबाखाली चालतो, म्हणून काही ठिकाणी त्याचं वेगळं प्रमाणपत्र मागतात. जुनं मशीन घेताना त्यावरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो आणि विकणाऱ्याकडचे कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तपासणीला मॅडम स्वतःचं थर्मामीटर घेऊन आल्या. काळी कॉफी त्यांच्या लेखी जवळजवळ निर्धोक होती, सगळं लक्ष दुधावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत नासणारं अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ६० च्या वर ठेवायला सांगितलं आहे, कारण मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. आमच्या फ्रिजमध्ये ७ अंश निघाले. तो आम्ही त्याच सकाळी सुरू केला होता. तुम्ही आदल्या रात्रीच सुरू करा, दूध भरून ठेवा, आणि आठवडाभराच्या तापमानाची वही दाखवा. आम्ही दोन तासांनी पुन्हा मोजून घ्यायची विनंती केली, ती त्यांनी मानली. तोवर काटा ४ वर आला होता.

त्यांनी हॅसॅपचा, म्हणजे अन्नात धोका कुठे शिरू शकतो ते आधीच ओळखून तिथे नजर ठेवण्याच्या पद्धतीचा, तक्ताही मागितला. ही पद्धत १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी घडवली गेली, त्यामुळे नाव ऐकून धडकी भरते. गाडीपुरतं मात्र एक पान पुरलं: दूध कुठून येतं, तापमान कोण आणि केव्हा बघणार, चुकीचं निघालं तर काय करणार. पदार्थांची यादी सुरुवातीला छोटी ठेवा. अंड्याचं किंवा मांसाचं सँडविच आलं की परवान्याचा वर्गच बदलू शकतो. बदामाचं किंवा सोयाचं दूध ठेवणार असाल तर अ‍ॅलर्जीची सूचना पाटीवर लिहा.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारखेसकट. सातव्या खेपेला आमचा एक कागद सापडत नव्हता, तेव्हा शिक्का मारलेली झेरॉक्स दाखवल्यामुळेच काम पुढे सरकलं.

आठव्या खेपेला परवाना मिळाला. घरी येऊन चौकटीत बसवताना दिसलं की जागेच्या क्रमांकात एक आकडा चुकला आहे. नववी खेप तेवढ्यासाठी झाली. नाव, जागा, वर्ग आणि मुदत हे सगळं खिडकीसमोर उभं राहूनच वाचून घ्या.