सतराचे सहा

2000 सालची गोष्ट. दिवाळी होऊन कापसाचा सीझन लागलेला, दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमधे मी कॉम्प्युटरचं काम पाहायचो. काट्यावर एक मशीन, भिंतीपलीकडे चुकाऱ्याच्या (कास्तकाराला पैसे द्यायच्या) टेबलवर दुसरं, दोन्हीत विंडोज 98, अन् मुनीमजी दिवसभर फ्लॉपी घेऊन इकडून तिकडे. नेटवर्क कार्ड आणायचं म्हणजे नागपूर गाठा, म्हणून मी भिंतीला भोक पाडून प्रिंटर पोर्टला पोर्ट जोडणारी केबल टाकली. संध्याकाळी गाड्या नव्हत्या, सहा एमबी डेटा अडीच मिनिटात पलीकडे. स्पीड तसा कमीच, हा पोर्ट मुळात प्रिंटरला धाडायला बनवलेला, जायला आठ तारा पण उलट यायला पाचच, त्यातली एक इशाऱ्याला, म्हणून एका वेळी चारच बिट (0 किंवा 1) जातात. तरी फ्लॉपीपेक्षा बरं, मुनीमजी खूश, मी चहा पिऊन घरी.

सकाळी फोन. "भाऊ, पावती काहून निघून नाही राहिली?"

निघेल कुठून! पोर्ट एकच, त्यात माझी केबल, अन् प्रिंटरची वायर खाली लोंबकळत होती. रात्री हे डोक्यातच आलं नाही (हसू नका). बाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टरची लाइन. मी सांगितलं, पावतीला प्रिंटर लावा, डेटा द्यायला केबल, पण दरवेळी मशीन बंद करून. आता विंडोज चालू होईस्तोवर थांबतो कोण, मुनीमजींनी चालू मशीनवरच वायरी बदलल्या, एकदा नाही, पाच-सात वेळा.

दुपारी मी पोचलो तर एक कास्तकार पावती नाचवत आत. "काट्यावर सतरा क्विंटल पस्तीस किलो पाह्यलं म्या, हे 06.24 कोनाचं हाय?" स्क्रीनवर बरोबर 17.35. परत काढली, पुन्हा 06.24, अन् एक ओळ छापली की अख्खं पान बाहेर, पुढची ओळ दुसऱ्या पानावर. काट्यात मारते म्हणून लोक दारात जमले, मले तर घामच फुटला.

रात्री कागदावर मांडलं तेव्हा उलगडलं. पोर्टची दोन नंबरची पिन गेली होती, म्हणजे सगळ्यात खालचा बिट कायम शून्य. प्रिंटरला प्रत्येक अक्षर, आकडा एका नंबरी कोडने जातो, तो विषम असला की एकाने कमी व्हायचा. 1 चा 0, 7 चा 6, 3 चा 2, 5 चा 4. ओळ संपल्यावर जातो तो कोड 13, त्याचा झाला 12, अन् 12 म्हणजे प्रिंटरसाठी नवीन पान!

त्या दिवशीच्या पावत्या मुनीमजींनी हाताने लिहिल्या. त्या कास्तकाराने आपली दोनदा वाचून घेतली, मग माझ्याकडे पाहत घडी करून बंडीच्या खिशात टाकली.