पाच पाइप आणि तीन ठसे

मी तंबाखू ओढत नाही. पण ब्रायरच्या लाकडाचे जुने तंबाखूचे पाइप घासूनपुसून चकचकीत करायचा नाद लागला आणि न्यू जर्सीतल्या आमच्या तळघरातलं एक टेबल माझ्या नावावर झालं. पाइप मिळवायचे लिलावातून. लोकांनी दान केलेल्या वस्तू ऑनलाइन विकून पैसा उभा करणाऱ्या धर्मादाय संस्था इथे आहेत. तिथे फोटो काढणाऱ्याला पाइपातलं कळतंच असं नाही, त्यामुळे पाच पाइप एका ट्रेमध्ये मांडून 'लाकडी पाइप, वापरलेले' एवढ्यावर भागवलेलं असतं. माझ्यासारख्यांचं फावतं ते इथेच.

त्यातल्या एका वाकड्या पाइपच्या स्टेमचं, म्हणजे तोंडात धरायच्या नळीचं, भोक टोकाला नव्हतं, वरच्या अंगाला होतं. ही आयर्लंडमधल्या डब्लिनच्या पीटरसन या पाइप कंपनीची खूण, १८९८चं पेटंट. शिवाय गळ्याशी धातूची पट्टी, आणि फोटो ताणून पाहिला तर पट्टीवर तीन बारीक ठसे. डब्लिनच्या चांदीवर मुकुट घातलेली वीणा, बसलेली हायबर्निया (बाईच्या रूपातलं आयर्लंड) आणि वर्षाचं अक्षर असे ठसे असतात. झालं, मी हरखलो.

३५ डॉलरची मर्यादा ठरवून बोली भरली. ही प्रॉक्सी बोली: आपला वरचा आकडा गुप्त राहतो, समोरचा चढेल तशी साइट आपल्या वतीने एकेक पायरी चढते. म्हणजे आकडा भरून खुशाल झोपावं. पण लिलाव ७:४०ला संपणार म्हणून मी अर्ध्या जेवणावरून उठलो, खाली येऊन बसलो, आणि मग दिसलं की ती वेळ पॅसिफिक, म्हणजे पश्चिम किनाऱ्याची. आमच्याकडचे १०:४०.

ते तीन तास नडले. काम काही नाही, नुसतं पान रिफ्रेश करत बसायचं. कुणीतरी ३६ केले, मी ४५ भरले. मग ५२. "अगं, चांदी आहे त्यावर," मी वर हाक मारून सांगितलं. "मग मोडून मला कानातलं कर," बायको म्हणाली आणि दिवा मालवला. शेवटच्या क्षणी बोली आली तरी तिथे वेळ वाढत नाही, त्यामुळे अखेरची पंधरा सेकंदं माझा हात थरथरत होता. ६१ला माल माझा. वर पोस्टेज आणि हाताळणीचे १४. माल परत घेणार नाहीत, हे आधीच वाचलं होतं.

खोक्यात वर्तमानपत्राचे दोन बोळे आणि पाच पाइप. एकाचं स्टेम मोडलेलं. नशीब, पीटरसनचं नव्हे. त्याचं स्टेम व्हल्कनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, उन्हाने हिरवट-तपकिरी झालेलं. ओल्या पॉलिश पेपरने घासलं की गंधकाचा वास सुटतो, तळघरभर. तंबाखू भरायच्या बाउलमध्ये कापूस कोंबून वर अल्कोहोल सोडलं. सकाळी कापूस कोऱ्या चहासारखा.

मग पट्टी पुसली आणि भिंग लावलं. शॅमरॉकचं, म्हणजे आयरिश तीनपानी गवताचं, पान. कुत्रा. गोल मनोरा.

पीटरसन निकेलच्या पट्टीवर मारायचे ती ही शोभेची चिन्हं. चांदी गुंजभरही नाही.

पाइप सुरेख निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. बायकोने कानातल्याची चौकशी दोनदा केली. लिलावाचा तो फोटो अजून फोनमध्ये आहे, आणि ताणून पाहिला की मला अजूनही त्यात वीणाच दिसते.