मुमियांना पत्र पाठवताना : माझा अनुभव

पेनसिल्वेनियातल्या कैद्याला पत्र लिहायचं असेल तर पाकिटावर पत्ता फ्लोरिडाचा घालावा लागतो, हे मला इथे राहायला येऊन बरीच वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. मुमिया अबू-जमाल फ्रॅकविलच्या तुरुंगात आहेत, माझ्या घरापासून गाडीने दोनेक तास, पण त्यांच्या नावाचं पाकीट आधी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला एका खासगी कंपनीकडे जातं, तिथे ते उघडतात, स्कॅन करतात, आणि मग तुरुंगात त्याची प्रिंट काढून कैद्याच्या हातात देतात. मूळ कागद कैद्याला मिळतच नाही, काही दिवस ठेवून नष्ट करतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमली पदार्थ भिजवलेले कागद टपालातून आत येतात आणि कर्मचारी आजारी पडतात असं कारण देऊन राज्यातले सगळे तुरुंग लॉकडाउन केले होते, त्यानंतर ही पद्धत सुरू झाली. म्हणजे आईने पाठवलेलं कार्ड, मुलांनी खडूने काढलेलं चित्र, सगळ्याची फोटोकॉपीच. मला याचा फार राग येतो, अजूनही येतो.

ज्यांना मुमिया माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. फिलाडेल्फियात ब्लॅक पँथर पार्टीची, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची, शाखा निघाली तेव्हा हे पंधरा वर्षांचे होते आणि सुरुवातीपासून त्यात होते, पुढे रेडिओ पत्रकार झाले, पोलिसांच्या वंशवादी वागणुकीवर बोलायचे. ९ डिसेंबर १९८१ च्या पहाटे डॅनियल फॉकनर नावाचा तरुण पोलीस गोळीबारात मेला, मुमियांनाही गोळी लागली होती. १९८२ मध्ये खटला झाला आणि फाशीची शिक्षा झाली. आपण खून केला नाही असं मुमिया म्हणत आलेत, आणि फॉकनर यांच्या पत्नीला आजही तेच गुन्हेगार वाटतात, त्यांचं दुःख खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २००० साली सगळी कागदपत्रं तपासून स्पष्ट लिहिलं की हा खटला न्याय्य सुनावणीच्या आंतरराष्ट्रीय निकषांवर उतरत नाही, नव्याने चालवा. तो काही नव्याने चालला नाही. २०११ मध्ये फाशीची मागणी सोडून दिली आणि जन्मठेप राहिली, आणि पेनसिल्वेनियात जन्मठेप म्हणजे पॅरोल नाही, मरेपर्यंत आतच.

आता मी यात कशी पडले. माझे बाबा नागपूरचे, तरुणपणी दलित पँथरच्या सभांना जायचे. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार या मंडळींनी पँथर काढली तेव्हा नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, हे आमच्या घरात मला शाळेच्या आधीपासून पाठ. आणि त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी युनोकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या, ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. त्यामुळे फिलाडेल्फियाच्या बाजूला नोकरी लागली तेव्हा बाबांचा फोनवर पहिला प्रश्न, "बेटा, मुमिया तिकडेच आहेत ना? तू त्यांना पत्र लिहिलंस का?"

लगेच नाही लिहिलं. आमचं ग्रीन कार्डचं चालू होतं (अजून चालूच आहे) आणि ओळखीतल्या मराठी लोकांनी सांगितलं की कशाला उगाच नाव कुठे यायला पाहिजे, तू व्हिसावर आहेस. हे भीतीचं बोलणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर घालावाच लागतो, नाहीतर पत्र पुढे जात नाही, आणि स्कॅन झालेलं पत्र त्या यंत्रणेत साठून राहतं, शोधता येतं. मी इमिग्रेशनच्या वकिलाला सरळ विचारलं. त्या म्हणाल्या कैद्याला पत्र लिहिणं पूर्ण कायदेशीर आहे, काय लिहायचं ते मात्र असं लिही की उद्या कुणीही वाचलं तरी तुला चालेल. मग नवऱ्याशी बोलले, तो म्हणाला लिही, आपलाच पत्ता घाल.

मग पहिलं काम म्हणजे नंबर. राज्याच्या तुरुंग खात्याच्या साइटवर कैदी शोधायचं पान आहे, तिथे नावावरून नंबर आणि सध्याचा तुरुंग दोन्ही मिळतं. पाकिटावर आधी कंपनीचं नाव आणि खात्याचं नाव, मग कैद्याचं नाव आणि नंबर, मग तुरुंगाचं नाव, मग सेंट पीटर्सबर्गचा पोस्ट बॉक्स. नंबर नसेल तर पत्र जातच नाही. पत्र साध्या पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनने, जरा मोठ्या अक्षरात लिहायचं, कारण कॉपी फिकट येते अशी कैद्यांची तक्रार पहिल्यापासून आहे. स्टिकर, चकाकी, सेंट असलं काही नाही. मी एका चर्चच्या तळघरात पत्रं लिहायला जमणाऱ्या गटात जायला लागले तिथे एका आजींनी हे सगळं शिकवलं, त्या १९९५ पासून लिहितायत, म्हणजे मुमियांच्या फाशीचं वॉरंट निघालं होतं तेव्हापासून. त्या वर्षी १७ ऑगस्ट ही तारीखच ठरली होती, जगभरात निदर्शनं झाली, तारीख दहा दिवसांवर असताना स्थगिती आली. पॅरिसने नंतर मुमियांना मानद नागरिक केलं, शेजारच्या सेंट-डेनी गावात २००६ मध्ये एका रस्त्याला नाव दिलं. आजी सांगतात की या सगळ्याचा उपयोग आत दिसतो, ज्या कैद्याचं टपाल रोज येतं त्याला काही झालं तर बाहेर कळेल हे तुरुंगवाल्यांनाही कळतं. २०१५ मध्ये मुमिया शुगर भयंकर वाढून बेशुद्ध झाले, हेपाटायटिस सी हा यकृताचा रोग निघाला, तुरुंग महाग औषध द्यायला तयार नव्हता, तेव्हा देशोदेशीचे लोक फोन करत राहिले, वकील कोर्टात लढत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी औषध द्या असा आदेश दिला. त्या रोगाचे राज्यातल्या तुरुंगांत हजारो कैदी होते, लढा त्यांच्याही कामाचा ठरला.

पुस्तकाचं प्रकरण सगळ्यात किचकट. पुस्तकं फ्लोरिडाला नाही, पेनसिल्वेनियातच बेलफॉन्टला एका वेगळ्या तपासणी केंद्रात जातात. एका ऑनलाइन दुकानाच्या फॉर्ममध्ये नाव, नंबर, तुरुंग एवढं सगळं एका ओळीत बसेना, अक्षरं कापली जायची, नंबरचे शेवटचे आकडे गायब, पार्सल परत. कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणे घरचा पत्ता द्या ना. शेवटी एका छोट्या दुकानात जाऊन समोर उभं राहून लेबल हाताने लिहून घेतलं, ते पोचलं असावं, कारण परत आलं नाही.

आणि बाबांचं पत्र! त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, नागपूरहून, भारताचं तिकीट लावून. त्यांनी इंग्रजीत दोन पानं लिहिली, शेवटी मराठीत "जय भीम" आणि खाली त्याचा अर्थ. नेमकं तेव्हाच, २०२५ च्या ऑगस्टअखेरीस, अमेरिकेच्या नव्या कस्टम नियमांमुळे भारतातून तिकडचं टपालच बंद झालं, आधी पार्सलं आणि मग पत्रंसुद्धा. मी म्हटलं बाबा, फोटो पाठवा, मी इथून प्रिंट काढून टाकते, नाहीतरी त्यांना कॉपीच मिळणार. बाबा ऐकेनात. म्हणाले मी पाठवलेलं मीच पाठवलेलं पाहिजे, दीड महिना थांबेन. ऑक्टोबरच्या मध्यावर सेवा सुरू झाली तसे ते जीपीओत गेले आणि रजिस्टर करून आले, पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

उत्तराची वाट आम्ही बघत नाही, मुमियांना जगभरातून पत्रं येतात आणि डोळ्यांचाही त्रास आहे. त्यांचा आवाज मात्र ऐकतो, तुरुंगातून फोनवर केलेली त्यांची भाष्यं रेकॉर्ड होऊन बाहेर येतात, पंधरा मिनिटांत फोन कटतो तेवढ्यात बोलायचं. बाबांना मी लिंक पाठवते, ते दोनदा ऐकतात.

२४ एप्रिलला मुमियांचा वाढदिवस असतो. कुणाला भारतातून कार्ड पाठवायचं असेल तर मार्चच्या सुरुवातीलाच टाका, पाठवण्याआधी खात्याच्या साइटवर तुरुंग बदलला नाही ना ते बघा, आणि पत्रात केसबद्दल सल्ले देऊ नका, तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. बाबांनी पावसाबद्दल आणि दीक्षाभूमीबद्दल लिहिलं होतं. यंदा त्यांच्यासोबत त्यांचे दोन जुने मित्रही लिहिणार आहेत, तिघांच्या पाकिटांवरचा पत्ता मी टाइप करून पाठवलाय.