तेरा गेली, एक आलं: थॉर्प ॲबट्सचा टॉवर

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळांवरच्या इमारती दिसायला अगदी सुमार असतात, हे आधीच सांगून टाकते. विटांच्या भिंती, वरनं सिमेंटचा गिलावा, सपाट स्लॅब, लोखंडी चौकटीच्या खिडक्या, बस्स. युद्ध संपेपर्यंत टिकलं तरी पुरे ह्या हिशोबानं घाईघाईत बांधलेल्या, त्यामुळे १९४५ नंतर विमानं गेली, माणसं गेली, आणि इंग्लंडात कितीतरी ठिकाणी कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. धावपट्ट्यांचं काँक्रीट फोडून रस्त्यांच्या भरावाला गेलं, कंट्रोल टॉवरमध्ये, म्हणजे विमानांच्या ये-जा वर नजर ठेवायच्या इमारतीत, शेतीचं सामान पडलं नाहीतर झुडपं शिरली.

नॉरफोकमधला थॉर्प ॲबट्सचा टॉवर ह्यातनं वाचला. डिस गावापासून जवळच आहे, चहूकडे शेतं. जून १९४३ पासून इथे अमेरिकेचा हंड्रेड्थ बॉम्ब ग्रुप, म्हणजे बॉम्बफेकी विमानांची तुकडी होती, बी-१७ विमानं, चार इंजिनं आणि आत दहा माणसं. विमानं परतायची वेळ झाली की टॉवरच्या बाल्कनीत माणसं येऊन उभी राहायची आणि आभाळाकडे बघत एकेक विमान मोजायची. १० ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरावर बॉम्ब टाकायला १३ विमानं गेली आणि परत एकच आलं, ब्रुकलिनचा वकील रॉबर्ट रोझेन्थल ते चालवत होता आणि त्याचीही दोन इंजिनं बंद पडलेली. बारा विमानं म्हणजे साधारण १२० माणसं, एका दुपारी! त्यातले काही जर्मनांच्या कैदेत जिवंत होते, पण बाल्कनीत उभ्या असलेल्यांना ते तेव्हा कुठनं कळणार.

ती बाल्कनी पडू द्यायची नाही म्हणून १९७७ मध्ये तिथल्याच काही मंडळींनी हा पडीक टॉवर जमीनमालकाकडनं लीजवर घेतला आणि मे १९८१ मध्ये म्युझियम म्हणून उघडला. मधली चार वर्षं म्हणजे आपापली कामं सांभाळून केलेली मेहनत, आणि मला त्याचंच सगळ्यात कौतुक वाटतं.

कारण अशा इमारतीचं खरं दुखणं बाहेरनं कळतच नाही. छतावरचा डांबराचा थर तडकतो, पाणी स्लॅबमध्ये उतरतं, सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट खपलीसारखं उचलून टाकते. मुंबईत जुन्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांखालनं जीव मुठीत धरून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नुसता रंग मारून अजिबात भागत नाही, सुटलेलं सगळं ठोकून काढायचं, सळी घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लावायचं आणि मग नवीन भरायचं, तेही हातभर जागेला अर्धा दिवस जातो. खिडक्यांचं तेच, चौकट गंजून फुगली की काच आपोआप तडकते. प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या तर स्वस्तात काम होतं पण टॉवरचं तोंडच बदलतं, त्या बारीक लोखंडी पट्ट्या हव्यातच, ह्यात मी तडजोड मानत नाही.

लिंकनशायरमधल्या गॉक्सहिलचा टॉवर तर सुटा करून थेट अमेरिकेत व्हर्जिनिया बीचला नेला आणि तिथल्या म्युझियममध्ये परत उभा केला. वाचला ह्याचा आनंद आहेच, पण टॉवर बांधतात तो त्यातनं बाहेर बघायला, आणि समोरचं ते शेत, ते आभाळच नसेल तर अर्धी गोष्ट मागे राहिली असं मला वाटतं. त्याच लिंकनशायरमध्ये ईस्ट कर्कबीला फ्रेड आणि हॅरॉल्ड पँटन ह्या शेतकरी भावांनी जुन्या विमानतळाची जागाच विकत घेतली, टॉवर दुरुस्त केला, एक लँकॅस्टर हे ब्रिटिश बॉम्बफेकी विमानही आणलं. त्यांचा मोठा भाऊ ख्रिस्तोफर ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतल्या न्युरेंबर्गवरच्या हल्ल्यात गेला होता, तो परतलाच नाही.

थॉर्प ॲबट्सला गेलात तर खालची प्रदर्शनं बघून लगेच निघू नका, वरपर्यंत चढा आणि शेतांमधनं जुन्या विमानतळाच्या खुणा शोधा. सगळं व्हॉलंटियर चालवतात, रोज उघडं नसतं, त्यामुळे निघण्याआधी वार बघून घ्या. आणि पेटीत दोन पौंड जास्तच टाका, सपाट छताचं काम दर काही वर्षांनी निघतंच.