मागचं सील, मागचं सील म्हणत उतरवलेला गिअरबॉक्स

गाडीखाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकतंय आणि मिस्त्री बघताक्षणी ‘क्रँकचं मागचं सील गेलं’ (इंजिनचा मुख्य फिरता दांडा मागून बाहेर येतो तिथलं ऑइल अडवणारं कडं) म्हणतोय, असं कुणाचं झालं असेल तर गिअरबॉक्सला पाना लावू देण्याआधी हे वाचा. माझा ऐन कांद्याचा सीझन त्या एका वाक्यापायी गॅरेजमध्ये गेला. राग अजून उतरलेला नाही.

गाडी सहाचाकी, २०१८ची, बीएस-४. मी स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. पिंपळगाव, लासलगावकडून कांदा भरायचा, कसारा उतरून वाशीला खाली करायचा, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल लवकर उतरायला लागलं आणि रात्री उभ्या केलेल्या गाडीखाली सकाळी बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) बरोबर खाली काळा डाग दिसायला लागला. पुठ्ठा टाकून ठेवला तर थेंब नेमका कुठे पडतो ते कळतं, तो उपाय चांगला आहे. पण थेंब पडतो ती जागा आणि गळती असते ती जागा एकच असेल असं नाही. ऑइल वरून उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे पुढची, वरची कुठलीही गळती शेवटी तिथेच येऊन ठिबकू शकते. एवढी गोष्ट त्या गॅरेजने ध्यानात घेतली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

ऑइल इंजिनचं की गिअरबॉक्सचं, हे मी घरीच बघितलं होतं. डिझेल इंजिनचं चाललेलं ऑइल काळंकुट्ट आणि पातळ असतं. गिअर ऑइल जाड, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हे इंजिनचंच होतं.

नाशिकजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. नाव घेत नाही. फोरमनला म्हटलं, आधी इंजिन धुऊन घ्या, वरून खाली सगळं बघा. तो म्हणाला, “धुऊन काय होणार शेठ? इथून येतंय म्हणजे सीलच.” मी म्हटलं, तरी धुवा. तो हो म्हणाला, मी एका कामासाठी गावी गेलो आणि परत येऊन बघतो तर गिअरबॉक्स खाली, क्लचप्लेट भिंतीला टेकवलेली, आणि इंजिन मात्र जसंच्या तसं चिखल-ऑइलने माखलेलं. पाण्याचा थेंब लागला नव्हता. मी विचारलं, फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) ओलं होतं का? क्लचला ऑइल लागलं होतं का? एक पोरगा म्हणाला, “नाही, कोरडंच होतं.” फोरमनने त्याला दुसऱ्या कामाला पाठवलं.

इथेच सगळं कळायला पाहिजे होतं. मागचं सील गळत असेल तर ऑइल बेल हाउसिंगच्या आत येतं, फ्लायव्हील भिजतं, क्लच सरकायला लागतो. हाउसिंगच्या तळाला तपासणीचं छोटं झाकण असतं, ते काढून टॉर्च मारली की गिअरबॉक्स न उतरवता आत ओलं आहे की कोरडं ते दिसतं. पाच मिनिटांचं काम. आत कोरडं आणि बाहेर ओलं, म्हणजे ऑइल वरून कुठूनतरी उतरतंय.

पण आता गिअरबॉक्स उतरलाच होता, तर सील बदलूनच टाकू, असं ठरलं. सील आलं ते चुकीच्या मापाचं. इंजिन नंबर न देता नुसतं मॉडेल सांगून मागवलं होतं. ते परत गेलं, दुसरं यायला वेळ. मी रोज जाऊन बसायचो. बाहेरच्या रोडवरून कांद्याच्या गाड्या जाताना दिसायच्या, फायनान्सचा हप्ता चालू, भाडं सांगणारे फोन येत होते आणि मी ‘उद्या बघतो’ म्हणत होतो. रोज एकच उत्तर: “पार्ट निघालाय.” कुठून निघालाय, कुठे पोचलाय, कुणी सांगायचं नाही. गाडी खोलून ठेवली की गिऱ्हाईक कुठे जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलू द्यायची नाही, आणि पार्ट मागवताना इंजिन नंबर आणि चासी नंबर आपण स्वतः लिहून द्यायचा.

जुनं सील मी भांडून मागून घेतलं. कडा मऊ, अखंड, कुठे चीर नाही. (जुने पार्ट परत मागणं हा आपला हक्क आहे, लाजायचं नाही. आणि काही इंजिनांना मागे टेफ्लॉनच्या कडेचं सील असतं, ते ऑइल न लावता कोरडंच बसवायचं असतं, हेही मिस्त्रीला विचारून घ्या.)

गाडी जोडली, बिल दिलं, वाशीची एक खेप मारून आलो. सकाळी पुठ्ठ्यावर तोच डाग, त्याच जागी.

परत गेलो तर फोरमनने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थडथड नाचायला लागलं. तो म्हणाला, “बघा, बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल.” म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून वायू खाली ऑइलकडे येतोय, असं त्याचं म्हणणं. गाडीला ना निळा धूर, ना घाटात ताकद कमी, आणि म्हणे इंजिनकाम करा! मी गाडी तिथून काढली ती काढलीच.

मग ओळखीतून एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या एका काकांकडे गेलो. त्यांचं पहिलं वाक्य: “आधी आंघोळ घाल तिला, मग बोलू.” अल्टरनेटर, स्टार्टर, वायरिंगचे सॉकेट प्लास्टिकने बांधले, डिझेल आणि ब्रशने सगळं घासलं, पाण्याने धुतलं, हवेने सुकवलं. मग काकांनी इंजिनवर साधी टाल्कम पावडर शिंपडली, टॅपेट कव्हरपासून (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) खाली सम्पपर्यंत (तळाची ऑइलची टाकी). केबिन उचललेलीच ठेवून गाडी चालू केली, थोडी रेस धरली आणि आम्ही टॉर्च घेऊन उभे राहिलो. मागच्या टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात, केबिन खाली असताना कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या पावडरवर एक काळी रेघ उमटली. बघता बघता ती ब्लॉकच्या पाठीवरून उतरली, फ्लायव्हील हाउसिंगवर आली आणि सांध्याला धरून खाली गेली. थेंब पडायचा ती जागा तीच.

मी म्हटलं, काका, कव्हरखालचं पॅकिंग बदलून टाकू. ते म्हणाले, पॅकिंग का फुटलं ते बघू दे. त्यांनीही झाकण उलटं ठेवलं, ते नाचलं. मग ब्रीदरचा रबरी पाईप काढून टाकला आणि परत ठेवलं. झाकण गप्प बसलं. रिंगांमधून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली येतोच, तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ती वाट तुंबली की आतला दाब जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. पाईप बाहेरून अगदी धड दिसत होता. ब्लेडने उभा चिरला तेव्हा वळणापाशी आतला रबराचा थर ऑइलने फुगून सुटलेला, आणि उरलेल्या फटीत काळा चिकट गाळ. तार घालून बघितली, आरपार गेली नाही.

नवा पाईप, नवं पॅकिंग, आणि काम दुपारपर्यंत उरकलं. दोन्ही पार्ट मिळून जेवढे लागले त्याच्या कितीतरी पट मी गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीत घातले होते. कव्हरचे बोल्ट काकांनी टॉर्क पान्यानेच आवळले. जास्त आवळले तर कव्हर वाकतं आणि परत गळतं. सिलिकॉन थापू नका म्हणाले, जादा झालेलं तुटून आत पडतं आणि ऑइलच्या जाळीत अडकतं.

आणखी एक आठवलं. एअर ब्रेकच्या टाकीचा ड्रेन रोज सोडत असाल तर त्यातून पाण्याबरोबर ऑइल येतं का तेही बघा. येत असेल तर टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय, आणि गाडीखाली थेंब न पडताही इंजिनचं ऑइल तिकडे कमी होतं. माझ्या टाकीत नव्हतं.

जुनं सील आणि चिरलेला पाईप घेऊन मी त्या गॅरेजमध्ये गेलो आणि दोन्ही फोरमनच्या टेबलावर ठेवले. बरीच वादावादी झाली, शेवटी मालकाने अर्धी मजुरी परत केली. बाकीची अर्धी मी अजून मागतोय.